कांब्राय नावाची जातच नाही : मेक्सिकोच्या पांढऱ्या कांद्याची जुनी गोष्ट



शहरातल्या हॉटेलांना भाजी पुरवणारे आमच्या ओळखीतले दोघं-तिघं सध्या एकच विचारतात, "मेक्सिकन कांद्याचं बी कुठं मिळेल?" हॉटेलवाल्यानं त्यांना फोटो दाखवलेला असतो. लिंबाएवढी पांढरीशुभ्र गड्डी, वर हिरवीगार पात, सगळं अख्खं निखाऱ्यावर भाजलेलं, वरून मीठ आणि लिंबू. मेक्सिकोत भाजलेल्या मांसाच्या ताटात हा कांदा बहुतेक वेळा असतो. नाव सेबोयिता कांब्राय. सेबोया म्हणजे कांदा आणि सेबोयिता म्हणजे छोटा कांदा.

आता 'मेक्सिकन' असं छापलेली बियाण्याची पाकिटंही विकायला येतात. कांदा म्हणजे रोपापासून काढणीपर्यंत चार-पाच महिन्यांचा खेळ. बी चुकलं तर हंगामच जातो, आणि ते बी चुकलंय हे कळतं शेवटच्या महिन्यात. म्हणून पैसे टाकण्याआधी या कांद्याची कुळकथा बघितलेली बरी. मी तो गेले काही हंगाम घरामागच्या वाफ्यात करतोय, ते शेवटी सांगतो. आधी इतिहास, कारण लागवडीचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

पहिली गोष्ट नावाची. कांब्राय हे फ्रान्समधल्या एका गावाचं नाव. तिथं विणलेलं पांढरं, तलम कापड युरोपभर जायचं आणि स्पॅनिशमध्ये त्या कापडालाच कांब्राय म्हणत. मेक्सिकोत हा शब्द बारक्या, कोवळ्या मालाला लागतो. बारक्या बटाट्याला तिथं 'पापा कांब्राय' म्हणतात. म्हणजे कांब्राय हे आकाराचं नाव झालं. लासलगावच्या बाजारात जाऊन कुणी "गोल्टीचं बी द्या" म्हणालं तर आपण हसू. गोल्टी ही काय जात आहे का? फुरसुंगी असो, लाल असो, बारीक राहिला की तो गोल्टी. कांब्रायचंही तसंच. फरक एवढाच, की आपल्याकडं गोल्टीला भाव पडतो आणि तिकडं कांब्राय मुद्दाम पिकवतात.

मग त्या नावाखाली कांदा कुठला? त्यासाठी पाचशे वर्षं मागं जावं लागतं.

एर्नान कोर्तेस हा स्पॅनिश सेनानी 1519 च्या नोव्हेंबरात अझ्टेकांच्या राजधानीत पोचला. 30 ऑक्टोबर 1520 च्या तारखेनं त्यानं आपल्या राजाला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात त्लातेलोल्कोच्या बाजाराचं वर्णन आहे. रोज साठ हजार माणसं देवघेव करतात असं तो म्हणतो, आणि भाज्यांच्या यादीत कांदा आणि लसूण ही नावं लिहितो. आता बघा, आपला कांदा, शास्त्रीय नाव ॲलियम सेपा, हा मूळचा मध्य आशियाचा. स्पॅनिश लोक नुकतेच आलेले. मग त्या बाजारात कांदा आला कुठून?

तो कांदा तिथलाच होता. मेक्सिकोच्या डोंगरमाथ्यावर कांद्याच्या कुळातल्या रानटी जाती आहेत. ॲलियम ग्लँड्युलोसम ही त्यातली एक, गडद लाल फुलांची. ॲलियम कुंथी ही दुसरी. बारकी गड्डी, बारीक पात, वास मात्र अस्सल. अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत कांद्याला शोनाकात्ल म्हणत. 1571 साली छापलेल्या आलोन्सो दे मोलिना या पाद्र्याच्या नाहुआत्ल कोशात हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ सरळ 'कांदा' असा दिलाय. गावांच्या नावांतही तो उरलाय. मेक्सिको राज्यात शोनाकात्लान आहे, म्हणजे कांद्याचं ठिकाण. मोरेलोस राज्यात होनाकातेपेक आहे, म्हणजे कांद्याची टेकडी. आपल्याकडं वडगाव, पिंपळगाव, बाभूळगाव असतात त्यातलाच प्रकार. मोरेलोसच्या पूर्व भागात आजही कांदा हे पैशाचं पीक आहे. फक्त आता तो शोनाकात्ल नाही, समुद्रापलीकडून आलेला कांदा आहे. नाव टेकडीला चिकटून राहिलं, पीक बदललं.

हा समुद्रापलीकडचा कांदा तिकडं रुजला कसा, हा माझ्या मते सगळ्या गोष्टीतला सगळ्यात मजेचा भाग आहे.

कोलंबसची दुसरी सफर 1493 च्या सप्टेंबरात स्पेनच्या कादिझ बंदरातून निघाली. सतरा जहाजं. या वेळी वसाहत करायची होती म्हणून जनावरं, रोपं, बियाणं सगळं बरोबर. 1494 च्या जानेवारीत हिस्पानिओला बेटावर, आजच्या डॉमिनिकन रिपब्लिकच्या उत्तर किनाऱ्यावर, त्यांनी ला इसाबेला नावाचं गाव वसवलं आणि लगेच बी पेरलं. त्या सफरीत मिकेले दा कुनेओ नावाचा एक इटालियन होता. परत गेल्यावर 1495 मध्ये त्यानं एक पत्र लिहिलं. त्यात शेतीचा हिशेब आहे. खरबूज, काकडी, भोपळा, मुळा छान आले म्हणतो. कांदा मात्र अगदी वाईट आणि बारका राहिला.

हे वाचल्यावर मी पहिल्यांदा नकाशा उघडला. ला इसाबेला आहे सुमारे 19.9 उत्तर अक्षांशावर. नाशिक आहे 20 वर. आणि बी आलं होतं 36-37 अक्षांशावरच्या दक्षिण स्पेनमधून.

कांदा करणाऱ्याला पुढचं सांगायला नको, पण नव्या मंडळींसाठी लिहितो. कांद्याची गड्डी धरायची वेळ ठरते दिवसाच्या लांबीवर. पात वाढत असते, दिवस ठरावीक तासांच्या वर गेला की झाड पात थांबवून गड्डी भरायला लागतं. किती तासांना थांबायचं ते जातीच्या रक्तात असतं. काही जातींना साडेअकरा-बारा तास पुरतात, त्या आपण लहान दिवसाच्या म्हणतो. काहींना तेरा-चौदा लागतात. थंड देशांतल्या जाती चौदाच्या वर गेल्याशिवाय हलत नाहीत. कादिझला उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस साडेचौदा तासांचा. ला इसाबेलाला किंवा नाशिकला तो सव्वातेराच्या थोडा पुढं जातो आणि थांबतो. म्हणजे स्पेनमधल्या बियाण्याला तिथं 'आता गड्डी भर' असा निरोपच मिळाला नसणार. झाड पात काढत बसलं असेल. वर किनाऱ्याचा दमट उकाडा. कुनेओनं कारण दिलेलं नाही, द्यायला तेव्हा कुणाला ते माहीतही नव्हतं. पण कांदा लावणाऱ्या माणसाचा पहिला संशय इथंच जाईल.

दुसरी अडचण बियाण्याची. कांद्याला डेंगळा यायला थंडी लागते. काही आठवडे 8 ते 13 अंशांच्या आसपास गारवा मिळाला की गड्डीच्या पोटात फुलाचा कोंब तयार होतो. बेटाच्या उष्ण किनाऱ्यावर हा गारवा कुठला? म्हणजे गड्डीही नाही आणि बीही नाही. मेक्सिकोच्या पठारावर गोष्ट वेगळी. मेक्सिको शहराचा अक्षांश 19.4, म्हणजे आपलं पैठण. पण उंची 2,240 मीटर. महाबळेश्वरवर अजून एक डोंगर ठेवा तेवढी. दिवसाची लांबी आपल्यासारखी आणि हिवाळ्यात रात्री कडक थंड. तिथं डेंगळा येतो, बी धरतं. आणि बी धरता आलं की निवड सुरू होते. वाफ्यातल्या शंभरातल्या ज्या दहांनी लहान दिवसात गड्डी धरली, त्यांचंच पुढं लागणार. बाकीच्यांची पात खाऊन संपली. अशा पिढ्यान्‌पिढ्या निवडीतून परक्या अक्षांशाचा कांदा तिथला झाला. आपल्या आज्यांनी डेंगळ्यासाठी गड्डे बाजूला काढताना केलं ते हेच.

या सगळ्यामागचं शास्त्र फार उशिरा आलं. गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरून दिवसाच्या लांबीचा नियम मांडला. 1937 मध्ये मॅग्रुडर आणि त्याच अलार्डनं कांद्याच्या अमेरिकी आणि युरोपीय जाती घेऊन, कुठली किती तासांना गड्डी धरते ते तपासलं. कुनेओच्या तक्रारीनंतर चारशे बेचाळीस वर्षांनी.

मधल्या काळात लहान दिवसाचा कांदा आणखी एका वाटेनं अमेरिकेत आला. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या कॅनरी बेटांवरच्या तेनेरिफेमध्ये बर्म्युडा कांद्याचं बी तयार व्हायचं. 1898 च्या सुमारास तो दक्षिण टेक्ससमध्ये लागला. त्यातलाच पांढरा, चपटा, पातळ सालीचा निवडलेला वाण म्हणजे क्रिस्टल वॅक्स. पुढं स्पेनच्या व्हॅलेन्सियाकडून 1925 मध्ये न्यू मेक्सिकोत आलेल्या बियाण्यातून ग्रॅनो कांदे निघाले. टेक्ससमध्ये 1944 ला अर्ली ग्रॅनो 502 आला. ग्रॅनोचं नाव आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना ओळखीचं असेल, अर्ली ग्रॅनो भारतातही सॅलडचा कांदा म्हणून आणला गेला. मेक्सिकोचे स्वतःचेही वाण आहेत. चापाला सरोवराकाठच्या कोहुमात्लान गावाच्या नावाचा पांढरा कांदा त्यातला एक. थोडक्यात, कांब्रायच्या जुडीत यापैकी कुठलाही पांढरा, लहान दिवसाचा कांदा असू शकतो. आजकाल तर बरेचदा कंपन्यांचे संकरित पांढरे वाण असतात. पाकिटावरच्या 'मेक्सिकन' शब्दावरून आत काय आहे ते कळत नाही.

पांढराच का, याचं मला कुतूहल होतं. मेक्सिकोत लाल कांदाही आहे. युकातानकडं आंबट संत्र्याच्या रसात मुरवलेला लाल कांदा मांसाबरोबर खातात. पण रोजच्या कच्च्या साल्सात, म्हणजे टोमॅटो, मिरची, कोथिंबीर घातलेल्या त्यांच्या कोशिंबिरीत, पांढराच लागतो. (टोमॅटो आणि मिरची आपल्याला त्यांच्याकडून मिळाली, कांदा आणि कोथिंबीर त्यांना जुन्या जगातून. म्हणजे आपली कोशिंबीर आणि त्यांचा साल्सा ही एकाच व्यवहाराची दोन टोकं.)

पांढऱ्या कांद्याचा एक मोठा दोष आहे, आणि तो आपण चाळीत भोगतो. तो टिकत नाही. यामागचं कारण रोगशास्त्राच्या पुस्तकात गाजलेलं आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जे. सी. वॉकर यांनी पाहिलं, की काळे ठिपके पाडणारी एक बुरशी पांढऱ्या कांद्याच्या सालीवर माजते, पण लाल आणि पिवळ्या कांद्याला हात लावत नाही. लाल-पिवळ्याच्या वाळलेल्या बाहेरच्या सालीत त्यांना आणि सहकाऱ्यांना 1929 मध्ये प्रोटोकॅटेच्युइक आम्ल सापडलं, 1933 मध्ये कॅटेकॉल. दोन्ही पाण्यात विरघळतात, ओल आली की सालीतून बाहेर येतात आणि बुरशीचं बी रुजू देत नाहीत. गंमत म्हणजे लाल कांद्याची वरची वाळकी साल काढून टाकली की तोही बळी पडतो. चाळीत भरताना सालं निघू देऊ नका असं आपण मजुरांना सांगत असतो, त्यामागं हेही आहे. पांढऱ्याकडं हे कवच जन्मतःच नाही. त्यामुळं तो ताजा खाल्लेला बरा, आणि पातीसकट कोवळा काढला तर चाळीचा प्रश्नच येत नाही. माझं मत असं, की कांब्राय पद्धत पांढऱ्या कांद्याच्या कमजोरीला अगदी बरोबर बसते.

मात्र पातीसकट, कच्चं खायच्या मालाची जोखीम वेगळी. 2003 मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियात एका हॉटेलच्या साल्सातून काविळीची, हिपॅटायटिस ए ची, साथ आली. पाचशेच्या वर माणसं आजारी पडली, किमान तीन दगावली. माग काढला तेव्हा तो मेक्सिकोतून आलेल्या पातीच्या कांद्यापर्यंत गेला. पातीच्या जुडीला काढताना, सालताना, बांधताना कितीतरी हात लागतात आणि पातीच्या बेचक्यात घाण अडकते. जुडी ओढ्याच्या पाण्यात खळबळून बाजारात नेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मी पिण्याच्याच पाण्यात धुतो आणि बांधणाऱ्यांना आधी साबणानं हात धुवायला लावतो.

आता ओळख आणि लागवड.

कुणी 'मेक्सिकन पात' म्हणून रोप किंवा बी दिलं तर आधी बघायचं ते पान. आपल्या कांद्याची पात आडवी कापली तर एका बाजूनं चपटी दिसते, अर्ध्या चंद्रासारखी. सगळीकडून गोल नळी दिसली तर तो ॲलियम फिस्टुलोसम, जपानी-चिनी पातीचा कांदा. तो नीट गड्डी धरतच नाही, कितीही थांबा. फुलावर आला तरी कळतं, त्याची फुलं शेंड्याकडून खाली क्रमानं उमलतात, आपल्या कांद्याची कशीही इकडंतिकडं. रोपातच ओळखलं तर हंगाम वाचतो.

गड्डी धरणारा आहे हे ठरलं की पुढचा प्रश्न तासांचा. पाकिटावर लहान दिवसाचा असं स्पष्ट नसेल तर घेऊ नका. मोठ्या दिवसाचा पांढरा कांदा आपल्याकडं पात होऊन राहील, ला इसाबेलाला झालं तसं.

आणि इथंच माझं म्हणणं येतं. होनाकातेपेकचा अक्षांश 18.7 आहे. राजगुरूनगरचा 18.9. तिथल्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा श्वेता, भीमा शुभ्रा, राहुरीचा फुले सफेद, हे सगळे पांढरे आणि आपल्या दिवसाला गड्डी धरणारे. अलिबागचा भौगोलिक मानांकनवाला पांढरा कांदाही आहेच. कांब्रायला लागणारं सगळं या बियाण्यात आहे. बाकी काम दाटीचं आणि काढणीच्या दिवसाचं.

मी सप्टेंबरच्या शेवटी रोप टाकतो, साधारण सात आठवड्यांनी गादीवाफ्यावर लावतो. नेहमी आपण 15 बाय 10 सेंटिमीटर ठेवतो, इथं 10 बाय 5. दाटीत पातीची सावली एकमेकांवर पडते, त्यानं गड्डी आकारानं लहान राहते आणि धरायलाही थोडी लवकर लागते. नत्र दोनदाच, हलक्या हातानं, महिन्याच्या आत. नंतर दिलं तर मान जाड होते आणि पात भाजताना चिवट लागते. पाणी हलकं पण वेळेवर. फुलकिडे पातीच्या बेचक्यात असतात, आणि इथं पातच खायची आहे, म्हणून निळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्कावर भागवतो. लावणीपासून साठ-सत्तर दिवसांत, गड्डी अडीच ते चार सेंटिमीटर झाली आणि मान अजून ताठ आहे, तेव्हा उपटतो. मान पडायची वाट बघितली तर तो साधा पांढरा कांदा झाला. सकाळी उपटायचा, मुळं कापायची, वरची एक साल काढायची, सहा-आठाची जुडी. ओल्या गोणपाटाखाली त्याच दिवशी गिऱ्हाइकाकडं. गच्चीवर करणाऱ्यांनी वीतभर खोल पसरट कुंडी घ्यावी, सात-आठ तास ऊन हवंच.

मेक्सिकोत किंवा अमेरिकेत नातेवाईक असणारे म्हणतात, बॅगेतून मूठभर बी आणू का? नको. बाहेरचं बी आणायला 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. कांद्याच्या पट्ट्यात एखादा नवा रोग आणून सोडायला मूठभर बी पुष्कळ झालं.

बी घरी धरायचं असेल तर वाफ्याचा एक कोपरा न उपटता नेहमीच्या अंतरावर विरळ करून ठेवा आणि तो पूर्ण पिकू द्या. एकसारखे, बारीक मानेचे, एका डोळ्याचे गड्डे निवडून ऑक्टोबर-नोव्हेंबरात डेंगळ्यासाठी लावा. शेजारी लाल कांद्याचा डेंगळा असेल तर अंतर बघा, प्रमाणित बियाण्याला 500 मीटर आणि पायाभूतला 1,000 मीटर लागतं. मधमाशीला बांध कळत नाही. पांढरेपणाचे दोन प्रकार आहेत, हे क्लार्क, जोन्स आणि लिटल यांनी 1944 मध्ये दाखवलं. एकात रंगाचं मूळच नसतं, त्यात लालचा पराग आला तर पहिल्याच वर्षी रंगीत गड्ड्या दिसतात. दुसऱ्यात रंग दाबून ठेवणारा गुण असतो. त्यात पहिल्या पिढीत गड्डी फक्त मळकट पांढरी दिसते आणि लाल वर येतो तो पुढच्या पिढीत. म्हणून मळकट दिसणारा एकही गड्डा डेंगळ्याला ठेवू नका, तो भाजीत टाका.